स्वॅट प्लस : गोव्याच्या पावसाला आणि मातीला कितपत पुरते?

पाऊस किती पडला हे पर्जन्यमापकावरून कळते. त्यातले किती पाणी मुरले, किती व्हाळाला (ओढ्याला) लागले आणि जाता जाता किती माती घेऊन गेले, हे मात्र गणितानेच काढावे लागते. या गणितासाठी जगभर ज्या मोजक्या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवली जाते, त्यांत ‘स्वॅट’चे नाव बरेच वर आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधन सेवेत जेफ अर्नोल्ड यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ते उभे केले, पुढे टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या साथीने ते वाढत गेले, आणि आता त्याचा सांगाडा नव्याने बांधून काढलेली आवृत्ती ‘स्वॅट प्लस’ या नावाने मिळते. आपल्याकडेही ते नवे नाही. आयआयटी दिल्लीचे प्रा. ए. के. गोसाईं यांनी हवामानबदलाचा भारतीय नदीखोऱ्यांवर होणारा परिणाम तपासण्यासाठी ते वापरले होते, आणि २०१८ मध्ये चेन्नईच्या आयआयटीत त्याची आंतरराष्ट्रीय परिषदही भरली होती. प्रस्तुत परीक्षण स्वॅट प्लसचे आणि ते ‘क्यूजीआयएस’ या नकाशांवर काम करण्याच्या सॉफ्टवेअरमधून चालवण्यासाठी असलेल्या ‘क्यूस्वॅट प्लस’ या प्लगइनचे आहे. ते गोव्याच्या दृष्टीने केलेले आहे, म्हणजे जांभ्याची माती, वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि सह्याद्रीच्या कड्यापासून भरतीच्या पाण्यापर्यंतचे अंतर अवघ्या काही कोसांचे, अशा मुलखात हे साधन कसे वागते एवढाच प्रश्न येथे आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचन त्याच्या प्रकाशात करता येईल. पाण्याच्या हिशेबासाठी स्वॅट प्लस उत्तम आहे. मातीच्या हिशेबासाठी ते दोन जागांची किंवा दोन पर्यायांची तुलना करण्यापुरते वापरावे. ‘या खोऱ्यातून दरवर्षी इतके टन माती वाहून जाते’ असे विधान त्याच्या आधारे गोव्यात आज तरी करू नये. अशी विधाने अहवालांतून सर्रास होत असल्यामुळेच हे परीक्षण थोडे लांबले आहे.

सॉफ्टवेअर पूर्णपणे मोफत आहे. क्यूजीआयएसही मोफत आहे, त्यामुळे परवान्याचा खर्च शून्य. साधारण लॅपटॉपवर ते चालते. म्हादईएवढ्या खोऱ्याची काही वर्षांची रोजची गणना संगणकाला जड जात नाही. बसवताना वेगवेगळ्या आवृत्त्यांचा मेळ जमवावा लागतो, त्यासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवावा आणि फोल्डरच्या नावांत मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरे टाळावीत. याहून अधिक बसवण्याविषयी लिहिण्यासारखे नाही.

कामाची रीत अशी आहे. भूभागाच्या उंचीचा नकाशा दिला की प्लगइन त्यावरून प्रवाहांच्या रेषा काढते आणि पाणलोटाचे उपपाणलोट पाडते. मग जमिनीच्या वापराचा नकाशा, मातीचा नकाशा आणि उतार हे तिन्ही एकमेकांवर ठेवून, तिन्ही बाबतींत सारख्या असलेल्या जमिनीचे एकेक गट केले जातात. सत्तरीच्या एखाद्या उपपाणलोटात ‘काजू, चिकणमाती मिसळलेली जांभ्याची माती, वीस टक्क्यांहून अधिक उतार’ असा एक गट होईल, ‘भातशेती, गाळाची माती, सपाट’ असा दुसरा. प्रत्येक गटासाठी रोजचा जमाखर्च मांडला जातो: पाऊस, बाष्पीभवन, मुरलेले पाणी, उताराने मातीतल्या मातीत सरकणारे पाणी, भूजल आणि पृष्ठभागावरून वाहणारा अपधाव. जुन्या स्वॅटमध्ये एका गटाची माती दुसऱ्या गटावरून वाहत जाण्याची सोय नव्हती. डोंगरावरून सुटलेला गाळ खालच्या भातशेतात थोडा थांबला तरी गणिताला ते कळत नसे. स्वॅट प्लसमध्ये उतारावरची जमीन आणि नदीकाठची पूरजमीन वेगळी ठेवता येते व वरचे पाणी खालच्यावर सोडता येते. नव्या आवृत्तीकडे वळण्याला गोव्यात हे एकच कारण पुरेसे आहे, कारण आपल्याकडे डोंगर, त्याच्या पायथ्याशी कुळागर (पोफळी-केळींची बाग) आणि त्याखाली भातशेत हा क्रम जवळजवळ प्रत्येक वाड्यावर दिसतो.

अपधाव काढण्यासाठी कर्व्ह नंबरची जुनी पद्धत मुळात दिलेली आहे. अमेरिकेच्या मृदा संधारण सेवेने बसवलेली ही पद्धत आपल्या अभियंत्यांच्या परिचयाची आहे. जमीन जितकी पाणी न मुरवणारी तितका आकडा शंभराच्या जवळ. दिवसाला १५० मिलिमीटर पाऊस धरा; असा दिवस गोव्याच्या जुलैत कोणाला नवलाचा वाटणार नाही. कर्व्ह नंबर ७० असलेल्या, चांगल्या झाडोऱ्याच्या जमिनीवरून सूत्राप्रमाणे सुमारे ६९ मिलिमीटर पाणी वाहते. तीच जमीन मोकळी करून, यंत्रे फिरवून दाबून टाकली आणि आकडा ८५ वर गेला, तर १०७ मिलिमीटर वाहते. फरक ३८ मिलिमीटरांचा, म्हणजे एका हेक्टरमागे एका दिवसात पावणेचार लाख लिटरांहून थोडे अधिक पाणी. डोंगर कापून भूखंड पाडण्याचा विषय ग्रामसभेत येतो तेव्हा पायथ्याच्या घरांना जे सांगायचे असते, ते याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही. स्वॅट प्लस हा आकडा मातीतल्या ओलाव्याप्रमाणे रोज बदलते, आणि ते आवश्यकच आहे; जूनच्या पहिल्या आठवड्यातली कोरडी जमीन आणि जुलैअखेरची तुडुंब भिजलेली जमीन यांना एकच आकडा लावणे म्हणजे निव्वळ कागद रंगवणे.

मात्र येथेच पहिली मेख आहे. जांभ्याच्या सड्यावर (पठारावर) आणि उतारावर पाऊस पडतो तेव्हा त्यातला मोठा वाटा जमिनीच्या वरून वाहत नाही. तो सच्छिद्र जांभ्यात शिरतो, खालच्या चिकण थराशी अडतो आणि उताराच्या पायथ्याला झरीच्या रूपाने बाहेर पडतो, तोही पुष्कळदा काही तासांत. नदीवर बसून पाहणाऱ्याला दोन्ही पाणी सारखेच दिसते, कारण पूर दोन्हींमुळे चढतो. पण मातीच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण धूप पृष्ठभागावरून वाहणाऱ्या पाण्याने होते. स्वॅट प्लसमध्ये मातीतून सरकणाऱ्या या पाण्याचे वेगळे खाते आहे, हा त्याचा गुण. परंतु वापरणाऱ्याने ते खाते नीट भरले नाही आणि नदीच्या मोजमापाशी आकडे जुळवण्यासाठी नुसता कर्व्ह नंबर चढवत नेला, तर प्रवाहाचा आलेख छान जुळतो आणि धुपीचा आकडा भलताच फुगतो. पाण्याचे उत्तर बरोबर आणि त्यामागचे कारण चूक, असा हा प्रकार आहे. तो पकडायचा असेल तर अहवालात एकूण प्रवाहाबरोबर पृष्ठभागावरचे, मातीतून सरकलेले आणि भूजलाचे असे तिन्ही वाटे छापलेले आहेत का, ते पाहावे. बहुधा ते छापलेले नसतात.

आता धुपीचे सूत्र. विशमायर आणि स्मिथ यांचे सार्वत्रिक मृदाधूप समीकरण १९६५ आणि १९७८ च्या अमेरिकी हस्तपुस्तिकांतून जगभर गेले. त्यात पावसाचा जोर, मातीची धुपण्याची प्रवृत्ती, उताराची लांबी व चढ, पीक-आच्छादन आणि बांधबंदिस्ती यांचे गुणक एकमेकांशी गुणले जातात. ते वर्षाच्या सरासरीसाठी होते. १९७५ मध्ये जे. आर. विल्यम्स यांनी पावसाच्या जोराच्या जागी प्रत्यक्ष अपधाव आणि त्याचा कमाल वेग घातला, त्यामुळे एकेका पावसाचा गाळ काढता येऊ लागला. स्वॅट प्लस हेच सुधारित समीकरण वापरते. त्यातले ११.८ आणि ०.५६ हे दोन स्थिरांक टेक्सासमधील रायझेल आणि नेब्रास्कामधील हेस्टिंग्ज येथल्या लहान पाणलोटांच्या मोजमापांवरून बसवलेले आहेत. रायझेलची जमीन काळी, चिकण, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी आहे. आपल्या देशावरच्या काळ्या रानाची बहीण म्हणावी अशी. गोव्याच्या तांबड्या जांभ्याशी तिचे दूरचेही नाते नाही. सूत्र परदेशी आहे म्हणून ते टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. पण हे दोन आकडे निसर्गनियम नव्हेत, दोन ठिकाणच्या मोजणीतून निघालेली ती सरासरी आहे, हे वापरणाऱ्याच्या ध्यानात असले पाहिजे.

उताराचेही तसेच. मूळ समीकरणामागची मापे साधारण ३ ते १८ टक्के उताराच्या शेतांतली आहेत. डिचोली, सत्तरी आणि सांग्यातल्या खाणींच्या टाकाऊ मातीचे ढिगारे त्याच्या कितीतरी पट तीव्र उताराचे असतात. उघड्या खाणीत एक टन खनिज काढायला दोन-तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागतात, त्यातून हे डोंगर उभे राहिले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तरी ढिगारे जागच्या जागी आहेत आणि पाऊस त्यांच्यावर पडतोच आहे. अशा ढिगाऱ्याची हानी पृष्ठभागावरून थरथराने माती निघून होते ती थोडी. पाण्याने चर पडून, ते चर रुंदावून घळी होऊन आणि कधी अख्खी कड खचून होते ती फार. घळी आणि दरडी या समीकरणाच्या कक्षेतच येत नाहीत. त्यात भर म्हणजे तीस मीटरच्या चौकटीचा उंचीचा नकाशा ढिगाऱ्याच्या पायऱ्या, त्यांच्या कडेचे बांध आणि गाळ अडवण्यासाठी खणलेले खड्डे हे सगळे एका गुळगुळीत उतारात मिसळून टाकतो.

याहून साधी आणि म्हणूनच अधिक फसवी गोष्ट एका खिडकीत दडलेली आहे. जमिनीचे गट पाडताना सॉफ्टवेअर विचारते, किती टक्क्यांखालचे वापर वगळायचे? गटांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी बहुतेक जण तेथे दहा टक्के लिहून पुढे जातात. पाठ्यक्रमांतही तसेच शिकवतात. आता डिचोली तालुक्यातल्या एखाद्या उपपाणलोटात ढिगाऱ्यांनी व्यापलेली जमीन सहा टक्के असेल, तर त्या एका आकड्याने ढिगारे नकाशावरून पुसले जातात आणि त्यांची जागा काजू आणि जंगल आपापसांत वाटून घेतात. मग गाळाचा सर्वांत मोठा उगमच हिशेबाबाहेर ठेवून गाळाचा हिशेब मांडला जातो. यावर उपाय त्याच खिडकीत आहे: विशिष्ट वापरांना या गाळणीतून सूट देण्याची सोय क्यूस्वॅट प्लसमध्ये केलेली आहे, आणि गोव्यात काम करणाऱ्याने खाणजमीन, नवे रस्ते आणि कापलेले उतार त्या यादीत घातल्याशिवाय पुढचे बटण दाबू नये. शिवाय सूत्रात क्षेत्रफळ घातांकासह येत असल्यामुळे गट किती पाडले यावरही गाळाचा आकडा हलतो. पाणी फारसे हलत नाही. म्हणून दोन अहवालांतले गाळाचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी दोघांची गाळणी सारखी होती का, ते विचारायला हवे.

सोबत येणारी माहितीपेढी अमेरिकी शेतीची आहे. त्यात भात आहे, सदाहरित जंगल आहे, फळबाग आहे. आपल्याकडे असते तशी काजूची बाग किंवा कुळागर नाही. उपग्रहावरून केलेल्या जमीनवापराच्या मोफत नकाशांतही काजू, पोफळी, माड आणि घाटातले जंगल हे सगळे ‘झाडोरा’ या एकाच रंगात दिसतात. वरून पाहणाऱ्याला ते सारखे असेल, पण पावसाच्या थेंबाला सारखे नाही. काजूच्या बागेत हंगामाआधी झाडांखालचे रान बेणून साफ करतात, कारण खाली पडलेला काजू वेचायचा असतो. मे संपताना फांद्यांवर पाने भरपूर, पण जमीन उघडी, पाचोळा झाडून काढलेला, आणि नेमका तेव्हाच वळवाचा व जूनचा जोराचा पाऊस कोसळतो. कुळागरात उलट स्थिती असते. पोफळीखाली केळी, मिरवेल, पाटाचे पाणी आणि झावळ्यांचे आच्छादन यांमुळे माती क्वचितच उघडी पडते. स्वॅट प्लसमध्ये जमिनीवरच्या पाचोळ्याप्रमाणे आच्छादनाचा गुणक रोज बदलत जातो, आणि शेतकऱ्याची कामे ‘अमुक झाले की तमुक करावे’ अशा निर्णयतक्त्यांत लिहिता येतात. काजूची बेणणी त्यात बसवता येते आणि ती बसवली की जूनच्या गाळाचे चित्र बदलते. मला या सॉफ्टवेअरमधली सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. शेतकरी काय करतो हे विचारून घेऊन ते गणितात घालायला त्यात जागा ठेवलेली आहे.

जंगलाच्या बाबतीत जुन्या स्वॅटची एक खोड प्रसिद्ध आहे. समशीतोष्ण प्रदेशात दिवस लहान झाला की झाडे झोपी जातात, या समजुतीवर त्यातली झाडांची वाढ बेतलेली होती. उष्ण कटिबंधात तो नियम लागूच पडत नाही, त्यामुळे भगवान महावीर अभयारण्यातले सदाहरित रान कागदावर अवेळी पानगळ करून मोकळे होई. स्वॅट प्लसमध्ये वाढीचे चक्र मातीतल्या ओलाव्यावर चालवता येते. ही निवड हाताने करावी लागते, आणि ती केली आहे की नाही हे पानांच्या क्षेत्रफळाचा वार्षिक आलेख काढून पाहिल्याशिवाय समजत नाही.

पावसाची माहिती हा गोव्यातला खरा अडसर आहे, आणि त्याचा दोष सॉफ्टवेअरला देता येणार नाही. भारतीय हवामान खात्याची रोजच्या पावसाची चौकटबद्ध माहिती पाव अंशाची आहे, म्हणजे एक चौकट सुमारे सत्तावीस किलोमीटर बाजूची. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या आपल्या राज्यावर अशा चौकटी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच बसतात, आणि पणजी ते वाळपई ते घाटमाथा एवढ्या अंतरात पाऊस केवढा वाढतो हे येथे कोणालाही सांगावे लागत नाही. उपग्रहावरून काढलेल्या पावसाच्या चौकटी लहान असतात, पण घाटावरचा पाऊस कमी दाखवण्याकडे त्यांचा कल असतो. म्हणून जवळच्या पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी मिळवणे भाग पडते. त्या नोंदी वापरताना एक बारकावा सांभाळावा. आपल्याकडे रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा आकडा त्या दिवसाच्या तारखेस लिहितात. बुधवारी दुपारी कोसळलेला पाऊस त्यामुळे गुरुवारच्या रकान्यात जातो. मोठ्या, संथ नदीला एका दिवसाने काही बिघडत नाही. आपल्या नद्या काही तासांत चढतात आणि उतरतात. तारीख सरकवून घेतली नाही तर पूर आधी आणि पाऊस नंतर, असा चमत्कार आलेखात दिसतो, आणि मग तो जुळवण्यासाठी निष्पाप गुणकांची ओढाताण सुरू होते.

धुपीसाठी दिवसाच्या पावसाहूनही अर्ध्या तासाचा कमाल पाऊस महत्त्वाचा असतो, कारण प्रवाहाचा कमाल वेग त्यावरून ठरतो. स्वॅट प्लस तो हवामानाच्या मासिक सरासऱ्यांच्या फाईलमधून उचलते. ही फाईल तयार मिळते आणि कोणी उघडून पाहत नाही. स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून तेवढा एक रकाना महिनेवारीने भरला, तरी गाळाच्या आकड्यात मोठी सुधारणा होते.

जुळवणीसाठी नदीचे मोजमाप हवे. मांडवीच्या (म्हादईचेच हे खालच्या अंगाचे नाव) भरतीचा प्रभाव खूप आतपर्यंत जातो, त्यामुळे त्याच्या वर, उसगावजवळ गांजे येथे असलेले केंद्रीय जल आयोगाचे केंद्र पाणलोटाचे तोंड म्हणून धरणे सोयीचे. त्याच्या खाली स्वॅट प्लस नेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. खाजन जमिनीवर, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीवर, प्लगइनला प्रवाह काढायला लावून पाहावे: सपाटीवर ते फूटपट्टीने ओढल्यासारख्या समांतर सरळ रेषा काढते, खाजनाच्या बांधावरून खुशाल पाणी पलीकडे नेते, आणि मानशीचे (बांधातल्या पाणी सोडण्याच्या झडपेचे) दार ओहोटीला उघडते व भरतीला मिटते याचा त्याला पत्ता नसतो. समुद्राची ये-जा या सॉफ्टवेअरच्या कल्पनेतच नाही. खाजनासाठी भरती-ओहोटी जाणणारे नदीप्रवाहाचे वेगळे सॉफ्टवेअर लागते.

जुळवणी चांगली झाली हे सांगण्यासाठी नॅश आणि सटक्लिफ यांचा निर्देशांक छापण्याची पद्धत आहे. एक म्हणजे तंतोतंत; महिन्याच्या प्रवाहासाठी ०.५० च्या वर गेले की समाधानकारक मानतात. येथे वाचकाला सावध करणे मला आवश्यक वाटते. गोव्यात जानेवारी ते मे नदी रोडावलेली असते आणि जुलैत ती दुथडी भरून वाहते. ‘प्रत्येक जुलैत जुलैची सरासरी, प्रत्येक मार्चमध्ये मार्चची सरासरी’ एवढेच लिहून दिले, काहीही गणित केले नाही, तरी मासिक निर्देशांक भरपूर वर जातो, कारण ऋतूंचा फरकच एवढा प्रचंड आहे. तेव्हा अहवालातल्या ०.८५ ने हुरळून जाऊ नये. तो आकडा या फुकटच्या अंदाजाहून किती वर आहे, आणि रोजच्या प्रवाहाचा निर्देशांक किती आहे, हे दोन प्रश्न विचारावेत.

पाण्यासाठी निदान गांजे आहे. गाळासाठी जुळवणीचे साहित्य जवळजवळ नसतेच. एका कार्यालयाकडे गाळाच्या नोंदी मागितल्या असता आम्हाला पाण्याच्या पातळ्यांची वही दाखवण्यात आली आणि ‘त्यातच सगळे आहे’ असे उत्तर मिळाले. वास्तविक मोजणी अवघड नाही. व्हाळावरच्या मोरीपाशी, पूर चढताना एक आणि उतरताना एक अशी लिटरभर पाण्याची बाटली भरायची, आधी वजन करून ठेवलेल्या गाळणकागदातून ते पाणी सोडायचे, कागद वाळवून पुन्हा वजन करायचे. चढत्या पुराचे पाणी विटकरी आणि दाट निघते, कागदावर गेरूसारखा थर बसतो. तेवढ्याच उंचीच्या उतरत्या पुराचे पाणी पुष्कळ निवळलेले असते. म्हणजे दिवसातून एकदा, ठरावीक वेळी भरलेली बाटली त्या दिवसाचा गाळ सांगू शकत नाही. दुसरा मार्ग धरणांचा आहे. अंजुणे किंवा साळावलीच्या जलाशयात वर्षानुवर्षे साचलेल्या गाळाचे सर्वेक्षण मिळाले, तर निदान दीर्घ मुदतीची बेरीज तपासता येते, आणि स्वॅट प्लसमध्ये जलाशयाचे व त्यात गाळ बसण्याचे गणित आहेच. या दोहोंपैकी एकही आधार नसताना काढलेला ‘हेक्टरी इतके टन’ हा आकडा कितीही दशांश स्थळांपर्यंत छापला तरी तो अंदाजच असतो.

मग ते वापरायचे कशासाठी? अमुक खोऱ्यात कोणत्या दहा उपपाणलोटांकडे आधी लक्ष द्यावे, झाडोरा राखला तर आणि कापला तर उन्हाळी प्रवाहात काय फरक पडेल, काजूखाली पाचोळा ठेवला तर जूनचा गाळ किती हिश्शाने घटेल, नदीकाठचा पट्टा मोकळा न सोडता हिरवा ठेवला तर काय होईल, अशा तुलनात्मक प्रश्नांसाठी ते भरवशाचे आहे. स्थिरांकातली चूक दोन्ही बाजूंना सारखीच लागू होत असल्यामुळे तुलनेत ती बरीचशी कटून जाते. म्हादईच्या पाण्याचा तंटा आपल्याकडे किती तापलेला आहे हे वेगळे सांगायला नको. २०१८ च्या लवादाच्या निवाड्यातही सगळा वाद अखेर खोऱ्यात पाणी किती, या प्रश्नापाशीच येतो. वरच्या अंगाचे पाणी वळवल्यास मार्च-एप्रिलमध्ये खाली काय उरेल, हे कोणत्याही बाजूच्या नागरिकाला स्वतःच्या संगणकावर तपासता येणे, ही या मोफत साधनाची मोठी देणगी आहे.

काही तासांच्या अतिवृष्टीसाठी मात्र ते निवडू नये. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात झालेला जलप्रलय किंवा २३ जुलै २०२१ रोजी सत्तरी-डिचोलीत आलेला पूर या दिवसाच्या मापाने मोजण्याच्या घटना नव्हेत. काणकोणात तर डोंगरच खाली आले, आणि दरड हे या सॉफ्टवेअरचे क्षेत्र नाही. पूर किती चढेल आणि केव्हा, एवढाच प्रश्न असेल तर अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाचे हेक-एचएमएस घ्यावे. तेही मोफत आहे, शिकायला सोपे आहे आणि एकेका वादळाचा तासागणिक हिशेब मांडण्यासाठीच ते घडवलेले आहे. एकाच उताराची धूप बारकाईने पाहायची असेल, उदाहरणार्थ एखाद्या ढिगाऱ्यावर गवत लावून काय साधेल, तर त्याच कृषी खात्याचे ‘वेप’ अधिक योग्य, कारण त्यात पाण्याने चर पडण्याचे भौतिक गणित स्वतंत्रपणे केलेले आहे. महाविद्यालयीन प्रकल्पासाठी केवळ धुपीचा नकाशा हवा असेल, तर क्यूजीआयएसमध्ये मूळ समीकरणाचे थर गुणून दोन दिवसांत काम होते. त्यासाठी स्वॅट प्लसचा खटाटोप नको.

मदतसाहित्य इंग्रजीतच आहे. जुन्या आवृत्तीचे सिद्धान्तपुस्तक सहाशेहून अधिक पानांचे असून ते अतिशय स्वच्छ लिहिलेले आहे. प्रत्येक सूत्र, त्यातली प्रत्येक राशी आणि ती कोठून आली हे त्यात सापडते. स्वॅट प्लसची स्वतःची कागदपत्रे त्या मानाने विस्कळीत आहेत, आणि फाईलमधल्या रकान्यांची नावे इतकी आखूड आहेत की जुने पुस्तक शेजारी उघडे ठेवूनच काम करावे लागते. शिकणाऱ्याने पहिला पावसाळा पाण्यावरच घालवावा, गाळाचा रकाना उघडूच नये. आणि पंचायतीने किंवा जमीनमालकाने पैसे मोजून असा अभ्यास करून घेतला असेल, तर छापील अहवालाबरोबर प्रकल्पाचे संपूर्ण फोल्डरही मागून घ्यावे; सॉफ्टवेअर मोफत असल्यामुळे ते दुसऱ्या कोणाकडूनही उघडून तपासून घेता येते, आणि दहा टक्क्यांची ती गाळणी कोठे लावली आहे हे पाच मिनिटांत दिसते.